आन्सीचे तळे, शापोऱ्याचे मुख

जिनिव्हाला उतरलेली मराठी सहल बहुधा पूर्वेकडे वळते. ल्युसर्न, इंटरलाकेन, मग बर्फाचा एखादा डोंगर, असा तो ठरलेला रस्ता. दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर, फ्रान्सच्या हद्दीत, आन्सी नावाचे लहानसे शहर आहे, ते राहून जाते. मी मुद्दाम तिथे गेले ती तिथल्या गटारासाठी. गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर ज्यांचे घर आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. पाण्याच्या काठावर वसलेल्या आणि पाहुण्यांवर पोट भरणाऱ्या गावाला घाण कुठे जाते हा प्रश्न आज ना उद्या सोडवावाच लागतो. आन्सीने तो सत्तर वर्षांपूर्वी हाती घेतला. पेडण्यातल्या आमच्या मोरजीत त्याला अजून कोणी हात घातलेला नाही.

आधी शहराविषयी. आन्सीचे तळे साधारण १४ किलोमीटर लांब आहे, क्षेत्रफळ सुमारे २७ चौरस किलोमीटर. पूर्वेला तूर्नेत नावाचा २,३५१ मीटर उंचीचा कातळमाथ्याचा डोंगर. तळ्याच्या उत्तर टोकाला शहर, आणि तळ्यातून बाहेर पडणारी तिऊ ही नदी थेट जुन्या वस्तीच्या मधून वाहते. तिच्या पात्रात बाराव्या शतकातली एक दगडी इमारत उभी आहे, जहाजाच्या नाळेसारखी पुढे निमुळती. कधी ती तुरुंग होती, कधी न्यायालय, कधी टांकसाळ. दगडी कमानींखालच्या गल्ल्यांत मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी बाजार भरतो. चीजच्या चकत्या, डोंगरातला मध, सुकवलेले मांस आणि टोपल्या घेऊन आलेली गावातलीच माणसे. पर्यटकांची दाटी असते, पण बाजार त्यांच्यासाठी मांडलेला नसतो, हे दहा मिनिटांत कळते.

पाहायचे ते पाणी. तिऊवरच्या पुलावरून वाकून बघितले तर तळाचे गोटे एकेक दिसतात. गोट्यांवर हलणारी हिरवी शेवाळाची झालर दिसते आणि तिच्यावर प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा असलेला मासा दिसतो. भर शहरातून वाहणारी, दोन्ही काठांवर खाणावळी असलेली नदी इतकी नितळ असू शकते, हे मला डोळ्यांनी पाहायचे होते. याच तळ्याचे पाणी शुद्ध करून शहरातल्या नळांना येते.

हे पाणी पूर्वापार असे राहिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तळ्याकाठी हॉटेले वाढली, घरे वाढली, आणि सगळ्यांचे सांडपाणी तळ्यात सोडले जाऊ लागले. पाणी गढुळले, माशांवर परिणाम दिसू लागला. पॉल सेर्व्हेताझ नावाच्या एका स्थानिक डॉक्टरांनी हे तळे मरते आहे असा धोशा लावला. सुरुवातीला त्यांचे ऐकणारे थोडे होते. तेव्हाचे महापौर शार्ल बोसाँ यांनी मात्र ऐकले, आणि १९५७ साली आन्सी आणि तळ्याकाठच्या गावांनी मिळून एक संयुक्त मंडळ स्थापन केले. काठावरची गावे लहान, काहींची वस्ती आपल्या एखाद्या वाड्याएवढी. प्रत्येकाची पंचायत वेगळी, महापौर वेगळा, भांडणे वेगळी. पण तळे एकच आहे, एका गावाने घाण थांबवून भागणार नाही, हे त्यांना पटले.

मग १९६० च्या दशकात त्यांनी तळ्याभोवती सांडपाण्याची वाहिनी टाकायला घेतली. साऱ्या काठाला वळसा घालणारी ही वाहिनी गावोगावचे मैलापाणी गोळा करते आणि तळ्याच्या खालच्या बाजूला, शहरापलीकडच्या केंद्रात नेते. तिथे शुद्ध झालेले पाणीसुद्धा तळ्यात परत सोडत नाहीत, फिएर नावाच्या नदीत सोडतात. यात डोळ्यांना सुखावणारे काही नाही. रस्ते खणले गेले, कर वाढले, आणि पैसा जमिनीखाली गेला. त्या काळात दुसऱ्या एखाद्या गावाने तोच पैसा नव्या हॉटेलात घातला असता. आज आन्सीच्या प्रत्येक जाहिरातीत जे निळे पाणी दिसते, ते या जमिनीखालच्या खर्चाने टिकलेले आहे.

आन्सी ज्यात आहे तो साव्हुआ हा सगळा प्रांत १८६० साली फ्रान्समध्ये आला. त्याआधी तो सार्डिनियाच्या राजाचा होता. आमचे पेडणे सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले ते १७८८ साली, नव्या काबिजादीचा, म्हणजे उशिरा हाती आलेल्या मुलखाचा, शेवटचा तुकडा म्हणून. म्हणूनच इथली देवळे राहिली, मराठी राहिली, मोरजाईचे देऊळ गावात राहिले. सीमेवरच्या मुलखाला आपले काय ते आपणच जपावे लागते, हे दोन्हीकडच्या लोकांना शिकवावे लागत नाही.

आता मोरजी. शापोरा नदीचा उगम सह्याद्रीत. दोडामार्ग तालुक्यात तिला तिळारी म्हणतात, गोव्यात ती शापोरा होते, आणि कोलवाळ, कामुर्ली, शिवोलीवरून येऊन समुद्राला मिळते. दक्षिणेला टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला, उत्तरेला मोरजी. नदीच्या तोंडाशी तेमवाडा आहे आणि त्याच्यापुढे वाळूची दांडी, दर पावसाळ्यानंतर थोडी वेगळी. हिवाळ्यात तिच्यावर कुरवांचे थवे उतरतात. बाजूच्या चिखलात सुकतीच्या वेळी बायका तिसऱ्या वेचतात. रापणीचे जाळे ओढायला अजून माणसे जमतात, पूर्वीइतकी नाहीत.

पूल होईपर्यंत बारदेशातून इकडे यायचे तर शिवोली–चोपड्याची फेरीबोट. त्या फेरीबोटीने मोरजीला बरीच वर्षे राखले असे मला वाटते, कारण कळंगुट आणि बागा भरून गेले तरी नदीच्या अलीकडे शांतता होती. पूल झाला आणि गाव रस्त्यावर आले. मग रशियातून थेट चार्टर विमाने दाबोळीला उतरू लागली. मोरजीत दुकानांच्या पाट्या रशियन लिपीत लागल्या, जेवणाच्या यादीत बोर्श्ट आले. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला तेव्हा मोरजीच्या खोल्या ओस पडल्या. मॉस्कोच्या बाजारातला एक आकडा तेमवाड्याच्या चुलीपर्यंत पोहोचतो, हे गावाने तेव्हा अनुभवले. मग देशी पर्यटक वाढले. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली, आणि पेडणे तालुका गोव्याचे मागचे दार न राहता पुढचे दार झाला.

या सगळ्या पाहुण्यांचे सांडपाणी कुठे जाते? किनारपट्टीवरच्या बहुतेक गावांप्रमाणे इथेही सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. टाकी भरली की टँकर. जमीन वाळूची आहे. वाळू पाणी झिरपू देते, ते विहिरीकडे झिरपले काय आणि नदीकडे झिरपले काय, तिला फरक पडत नाही. चार माणसांच्या घरासाठी खणलेला खड्डा वीस खोल्यांच्या गेस्टहाउसला पुरत नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

आन्सीला जे दिसले ते मोरजीला का दिसत नाही, याचे उत्तर मला तिथल्या पुलावर सुचले. आन्सीच्या तळ्यातले सगळे पाणी बदलायला सुमारे चार वर्षे लागतात. आज सोडलेली घाण चार वर्षे समोर राहते. आमच्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा सुकती लागते. सकाळी खाडीच्या काठाला दिसलेला काळपट फेस दुपारी नसतो. समुद्र फार उदार आहे, तो आमची प्रत्येक चूक सहा तासांत झाकतो. बंद पाण्याने आन्सीकरांना घाबरवले, उघड्या पाण्याने आम्हांला निर्धास्त केले. त्यामुळे मोरजीला स्वतःची अवस्था कळायला दुसरे काहीतरी लागते, जे इथून जाऊन परत इथेच येते. ते आमच्याकडे आहे.

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूवर चढते. चाळीसेक किलोचे ते जड अंग ओढत ती भरतीच्या रेषेच्या वर येते आणि मागच्या वल्ह्यांनी आळीपाळीने वाळू काढते. एक वल्हे आत जाते, तळहातासारखे वळते, मूठभर वाळू अलगद बाहेर ठेवते, मग दुसरे. मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद असा हातभर खोल खड्डा तयार होतो. तिचे मागे लक्ष नसते, सगळे काम स्पर्शाने. शंभराच्या वर अंडी पडतात, पांढरी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, कवच मऊ. मग ती वाळू ओढून खड्डा बुजवते आणि अंग डावीउजवीकडे आपटून जागा घट्ट करते. समुद्राकडे परतली की पुन्हा त्या अंड्यांकडे येत नाही. पन्नासेक दिवसांनी पिल्ले एकत्र वर येतात, आणि रात्रीच्या अंधारात जिथे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतात. कोट्यवधी वर्षे ते उजळ क्षितिज समुद्राचे होते. आता ते कधीकधी शॅकचे असते.

पूर्वी ही अंडी काढून विकली जात, खाल्ली जात. मोरजीतही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वनखाते आणि गावातली माणसे एकत्र आली, घरट्यांभोवती कुंपण घालायला लागली, रात्रीची राखण सुरू झाली. अंड्यांच्या जागा ज्यांना सर्वांत चांगल्या ठाऊक होत्या, तीच माणसे राखणदार झाली. मला हा मोरजीच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो, आणि त्याची गावातसुद्धा पुरेशी आठवण काढली जात नाही याचे दुःख होते. आजही हंगामात तेमवाड्याला बांबूचे खांब, जाळी आणि घरट्याची तारीख लिहिलेली पाटी दिसते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने असेच काम केले आणि २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पाहुणे घरोघरी उतरतात, पहाटे पिल्ले समुद्रात जाताना बघतात. पुण्या-मुंबईच्या मराठी वाचकाला वेळास माहीत असते. मोरजीची राखण वेळासच्या आधीची आहे.

कायद्यानेही मोरजीला मान दिला. ६ जानेवारी २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र भाग आहे. त्यात मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद हे चार किनारे कासवांच्या घरट्यांचे म्हणून नावानिशी आहेत आणि प्रजननाच्या जागेत विकासकामांना मनाई आहे. पण दिवा, आवाज आणि वाळूवर चालणारे वाहन यांवर नजर ठेवायची तर ती रोज रात्री ठेवावी लागते, आणि रात्री तिथे असतात ते गावकरी आणि मोजके रखवालदार.

वाळू स्वतःही कमी होते आहे. नदीतला वाळूउपसा, समुद्राची धूप, आणि धुपीला उत्तर म्हणून घातलेली दगडी भिंत. भिंतीमागे घर वाचते, हे खरे, आणि ज्याचे घर तिथे आहे त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण मादी भिंत चढू शकत नाही. ती भिंतीशी येऊन थांबते आणि वळते.

आन्सीही आज सुखात नाही. उन्हाळ्यात जुन्या गल्ल्यांतून चालता येत नाही. घरे पर्यटकांना भाड्याने जाऊ लागल्याने शहरात काम करणाऱ्याला शहरात राहणे परवडेनासे झाले, आणि अलीकडे नगरपालिकेने अशा घरांच्या संख्येवर मर्यादा घातली. स्वच्छ पाणी राखले म्हणून सारे प्रश्न सुटले असे नाही. मोरजीत हीच गोष्ट सुरू झाली आहे, वर्षभर इथे राहणाऱ्या कुटुंबाला भाड्याने घर मिळणे कठीण होत चालले आहे. आन्सीकडे निदान पाण्याचा हिशेब आधीच मिटलेला होता. आम्हांला दोन्ही एकाच वेळी करावे लागणार.

शापोऱ्याच्या मुखावर एका पंचायतीची सत्ता नाही. उत्तरेला मोरजी आणि आगरवाडा-चोपडे, तालुका पेडणे. दक्षिणेला शिवोली, कामुर्ली आणि शापोरा, तालुका बारदेश. आन्सीच्या तळ्याकाठीही असेच होते, म्हणून १९५७ चे मंडळ हवे होते. सुरुवात वाहिनीने करायची गरज नाही, तिला पैसा आणि वर्षे लागतात. सुरुवात मोजण्याने करता येते. नाताळच्या गर्दीत आणि पुन्हा मे महिन्यात, पूर्ण सुकतीच्या वेळी, चोपड्याच्या पुलाखाली, तेमवाड्याच्या टोकाला आणि नदीलगतच्या चार विहिरींतून पाण्याचे नमुने घ्यावेत, त्यांतले मैलाजन्य जिवाणू तपासावेत, आणि आकडे दोन्ही काठांच्या ग्रामसभांत वाचून दाखवावेत. सुकतीच्या वेळीच, कारण भरतीचे पाणी समुद्राचे असते आणि ते नेहमी स्वच्छच दिसणार. गावात नमुने घ्यायला शाळेतली मुले आहेत, पाणी ओळखणारे रापणकार आहेत, तपासायला दोना पावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेमवाड्याला घरट्यावर जशी तारीख लिहितात, तशी प्रत्येक विहिरीवर तिच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि आकडा लिहिलेला असावा, म्हणजे खोली घेणारा पाहुणाही तो वाचेल आणि घरमालकाला विचारेल.