कूलरवरचा आळ

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एप्रिलचं वीजबिल आलं आणि त्याच दुपारी आत्याबाईंनी कूलर बंद केला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, ७४ वर्षांच्या. बिलाचा आकडा त्यांनी आमच्या बोलण्यातून ऐकला, उठल्या, बटण दाबलं आणि पदरानं वारा घेत बसल्या. आमच्या गंगाखेडात त्या दिवसांत पारा ४२-४३च्या घरात असतो. "माझ्यापायीच येतंय गं एवढं," त्या म्हणाल्या. ते मला लागलं. खरं काय आहे ते शोधायचंच, असं मी त्या दिवशी ठरवलं.

सुरुवात बिलापासूनच केली. आपण बिलावर आधी रुपये बघतो; बघायला हवेत युनिट. दर बदलला किंवा इंधन समायोजन आकार वाढला, तर वापर तेवढाच असूनही रुपये वाढतात. मग बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग ताडून पाहिलं. रीडिंग न घेता सरासरीनं बिल आलेलं असेल, तर घरात चोर शोधून उपयोग नाही. आमचं रीडिंग बरोबर होतं. बिलावरच मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. तिथं उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशीच करावी, फेब्रुवारीशी नाही. गेल्या एप्रिलात १८४ युनिट, या एप्रिलात २८१. वाढले ९७.

इथं एक गैरसमज दूर करते. शंभराच्या पुढं एक युनिट गेलं की सगळं बिल महागाच्या दरानं लागतं, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. तसं नाही. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढचे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण दुसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्यापेक्षा जवळपास दुप्पट महाग पडतं, आणि त्यावर वीज शुल्क वेगळं. आमचे वाढलेले ९७ युनिट सगळेच्या सगळे त्या महाग टप्प्यात बसले होते.

आता ते खाल्ले कुणी? माझा मुलगा नववीत आहे. त्याला घेऊन मी मीटरसमोर उभी राहिले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडतं. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो. आधी फ्रिजसकट सगळं बंद केलं. दिवा थांबला. तरीही तो लुकलुकत राहिला असता, तर कुठंतरी वायरिंगमधून वीज गळतेय किंवा दुसऱ्या कुणाची तार आपल्या मीटरवर आहे, असं समजून वायरमनला बोलवावं लागलं असतं. मीटरला आणि त्याच्या सीलला आपण हात लावायचा नाही.

मग एकेक वस्तू चालू केली. मुलगा मोबाइलवर मिनिट लावायचा, मी मोजायची. आमच्या मीटरला मिनिटाच्या मोजणीला १९नं गुणलं की वॅट कळतात. जुना पंखा चार वेळा, म्हणजे ७५ वॅट. नवे बीएलडीसी पंखे तीसेक वॅटमध्ये चालतात, हा फरक मला तिथं उभ्या उभ्या पटला. कूलर दहा वेळा, म्हणजे १९० वॅट. रात्रीचे आठ तास चालला तरी दीड युनिट, महिन्याला ४५. शिवाय हाच कूलर गेल्या एप्रिलातही चालत होता. मग वाढलेले ९७ त्याच्या नावावर कसे टाकायचे?

मी वही घातली. रात्री दहाला आणि सकाळी सहाला रीडिंग. कूलर तर आत्याबाईंनी बंदच ठेवला होता. दोन पंखे आणि फ्रिज मिळून रात्रीत दीडेक युनिट जायला हवं होतं. गेले चार. दुसऱ्या रात्रीही चार.

तिसऱ्या रात्री मी जागीच राहिले. दीडच्या सुमाराला संथ लुकलुकणारा दिवा एकदम धावायला लागला. मिनिटाला ६४ वेळा! म्हणजे बाराशे वॅट. अंगणातून बोअरच्या मोटारीची घरघर येत होती. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उतरलं की मोटार आपोआप सुरू होईल, अशी सोय आम्ही दोन वर्षांपूर्वी बसवली होती. पण रात्री दीडला पाणी वापरलं कुणी? घरात एकही नळ उघडा नव्हता.

सकाळी संडासातल्या फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाकली आणि पंधरा मिनिटं कुणाला आत जाऊ दिलं नाही. भांड्यातलं पाणी पिवळं झालं. टाकीच्या तळाचा रबरी वायसर झिजला होता आणि केसाएवढी धार रात्रंदिवस वाहत होती, आवाज न करता. त्यात उन्हाळ्यात बोअरचं पाणी खोल गेलेलं, धार बारीक झालेली; तेवढंच पाणी चढवायला मोटार जास्त वेळ चालत होती. रोजच्या एका तासाचे साडेतीन-पावणेचार तास झाले होते. महिन्याचे नव्वदहून जास्त युनिट तिथंच जात होते.

आणि विजेपेक्षा मला पाण्याचं जास्त वाईट वाटलं. गोदाकाठचं गाव असूनही उन्हाळ्यात आम्ही कळशी-कळशी जपतो. कपडे धुतलेलं पाणी मी झाडांना घालत होते आणि बोअरचं पाणी आमच्याच घरातून गटारात चाललं होतं.

वायसर बदलायला अर्धा तास लागला. एप्रिलात रोजचे नऊ-साडेनऊ युनिट पडत होते, ते सहाच्या आसपास आले.

प्रत्येक घरात चोर वेगळा असेल. गीझर २००० वॅटचा असतो, अर्ध्या तासात एक युनिट. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं की तो थांबतच नाही. दारात कागदाचा कपटा धरून ओढून बघा. सहज निसटला तर रबर गेलं. हे सगळं तपासूनही हिशेब जुळला नाही, तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तिथं समाधान झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. पंधरा दिवसांची रीडिंगची वही हातात असली की तक्रार करताना आपल्याकडं आकडे असतात.

पण आधी मोजा. न मोजता दोष दिला की तो घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला जातो. आमच्या घरी तो आत्याबाईंनी आपणहून घेतला आणि ऐन उन्हाळ्यात चार दिवस त्या पदरानं वारा घेत बसल्या. वायसर बदलला त्या दुपारी मी वही त्यांच्यापुढं धरली, बोट ठेवून एकेक आकडा वाचून दाखवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी कूलरच्या टाकीत पाणी भरलं आणि त्यांनी स्वतः उठून बटण दाबलं.