पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाचा गौरव : आपल्याही हिताचा विषय



एकरी जास्तीत जास्त टनेज काढणाऱ्या शेतकऱ्याचा वार्षिक सभेत सत्कार करायचा, ही साखर कारखानदारीतील जुनी प्रथा आहे. तो सत्कार पाहून शेजारचा गडी बेणे बदलतो, सरीतले अंतर वाढवतो, माती तपासून खत टाकतो. सत्कार एकाचा होतो आणि शहाणपण गावभर पसरते. हाच न्याय शिक्षकांना, आणि त्यातही पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला लावावा, असे आम्हाला वाटते.

कोणी म्हणेल, "अहो, उसाच्या पत्रिकेत फिजिक्सच्या मास्तराचं काय काम?" काम आहे. आपली गाडी काट्यावर चढते तिथपासून पदार्थविज्ञान सुरू होते. पुढे प्रयोगशाळेत रस नितळ करून नळीत भरतात आणि त्यातून एका विशिष्ट प्रकारे गाळलेला प्रकाश सोडतात. रसात साखर जितकी जास्त, तितका हा प्रकाश आपल्या पातळीतून वळतो. ते वळण मोजले की 'पोल' कळतो. द्रवातून जाताना प्रकाश असा वळतो, हे बायो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली दाखवून दिले. साखरेच्या हिशेबात या पोलला मोठे स्थान आहे, आणि उताऱ्यावर आपला दर अवलंबून आहे. तेव्हा हा विषय परका नाही, थेट बिलातला आहे.

विहिरीवरची मोटार घ्या. तिची गोष्ट तर एका वर्गातूनच सुरू झाली. १८२० साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत होते. तारेतून वीज सोडताच जवळची होकायंत्राची सुई हलली. वीज आणि लोहचुंबक यांचे नाते आहे, हे त्यातून जगाला कळले. पुढच्याच वर्षी फॅरेडे यांनी वीज वाहणारी तार लोहचुंबकाभोवती फिरवून दाखवली. आजची मोटार त्याच वंशातली. मास्तरांच्या टेबलावरच्या सुईने पुढे आपल्या विहिरीचे पाणी वर काढले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

अमेरिकेत पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांची संघटना १९३० मध्ये स्थापन झाली आणि १९३६ पासून ती याच ओर्स्टेड यांच्या नावाने पदक देऊ लागली. हे पदक शोधाबद्दल दिले जात नाही, शिकवण्याबद्दल दिले जाते. रिचर्ड फाइनमन यांना १९६५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले होते, तरी १९७२ मध्ये त्यांना हे पदक देण्यात आले. उत्तम शोध लावणे हे एक काम आणि तो दुसऱ्याला समजावून सांगणे हे दुसरे, आणि दोन्ही तोलामोलाची, असा त्याचा अर्थ.

आपल्या देशातही १९८४ मध्ये डॉ. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने पदार्थविज्ञान शिक्षकांची भारतीय संघटना उभी राहिली. शाळा-कॉलेजांचे शिक्षक तिच्या अधिवेशनाला जमतात. तिथे नुसती भाषणे होत नाहीत. नवे प्रयोग तयार करून दाखवण्याची राष्ट्रीय स्पर्धाही घेतली जाते. शेतकऱ्याने दुसऱ्याच्या फडात जाऊन कांडी मोजावी, तसे हे शिक्षक एकमेकांचे प्रयोग पाहतात.

महाराष्ट्रातले मोठे उदाहरण म्हणजे मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हे केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी स्वतः पदार्थवैज्ञानिक. केंद्राची माणसे सुरुवातीच्या काळातच जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात गेली आणि ग्रामीण शाळांतील शिक्षकांबरोबर काम करू लागली. त्यांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली : पुष्कळ मुले विज्ञानात अडत नाहीत, पुस्तकाच्या जड भाषेत अडतात. भाषा सोपी केली की तीच मुले पुढे सरकतात. पोरगं 'ढ' आहे असे म्हणण्याआधी हे ध्यानात घ्यावे. पुढे या केंद्राचे संचालक झालेले डॉ. अरविंद कुमार यांना २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ ची आंतरराष्ट्रीय पदार्थविज्ञान ऑलिंपियाड याच केंद्राने मुंबईत भरवली.

कल्याण सोडून कर्जतकडे निघाले की पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. तिथून कुर्ल्याला गाडी बदलली की मानखुर्द, आणि मानखुर्दला हे केंद्र. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सगळा पट्टा कामगारांचा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी तिथे लहान-मोठे कारखाने काढले आणि शाळा-कॉलेजेही उभी केली. घाटावरच्या कितीतरी घरांतली मुले पोटापाण्यासाठी त्या भागात जातात. मोटार भरायला, यंत्र चालवायला शिकतात. पण ज्याने शाळेत एकदा तरी खिळ्याभोवती तार गुंडाळून स्वतःच्या हाताने लोहचुंबक केला आहे, त्याला यंत्राचे 'का' कळते. ज्याने नुसते पाठ केले, तो हाताखालीच राहतो.

जो पोरगा गावात राहतो, त्याचेही तेच. व्होल्टेज उतरले असताना मोटार चालू ठेवली की ती तेवढेच पाणी ओढण्यासाठी जास्त करंट घेते, वायंडिंग तापते आणि जळते. हे वर्गात नीट समजलेला मुलगा बापाचा रिवायंडिंगचा खर्च वाचवतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून रयतेने आपल्या पदराला खार लावून शाळा चालवल्या. पुढे सहकारी कारखान्यांनीही शाळा-कॉलेजे काढली. इमारती झाल्या, पण पुष्कळ ठिकाणी प्रयोगाच्या सामानाचे कपाट कुलपात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात. सामान फुटेल या भीतीने ते वापरायचेच नाही, ही कसली काटकसर? बेणे जपून ठेवले म्हणून ऊस उगवत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. परिसरातील शिक्षकांचे संमेलन भरेल तेव्हा पदार्थविज्ञानाच्या एका शिक्षकाचा गौरव व्हावा. निवड करताना निकालाची टक्केवारी तेवढी पाहू नये. वर्षभरात मुलांनी स्वतः किती प्रयोग केले, सामान नसताना डबा, दोरी, आरसा वापरून मास्तरांनी काय काय दाखवले, मुलीही पुढे येऊन हात लावतात की मागे उभ्या राहतात, हे पाहावे. वर्गातल्या मुलांनाच विचारावे, ती खरे सांगतात. शाल-श्रीफळ द्यावेच, पण बक्षिसाची रक्कम त्या शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी. आणि सत्कारमूर्तीने भाषणाऐवजी सभासदांपुढे एक प्रयोग करून दाखवावा.

टनेजचा सत्कार एका हंगामाचा असतो. चांगल्या शिक्षकाचे पीक पंधरा-वीस वर्षांनी हाती येते आणि पुढे पिढ्यान् पिढ्या खोडव्यासारखे फुटत राहते. सभासदांनी या सूचनेवर आपापल्या गटात चर्चा करावी आणि आपले मत कळवावे.