कामाचा कोपरा, हक्काचा

2020 च्या टाळेबंदीत कित्येक घरांत कचेरी आली. यजमानांना टेबल मिळालं, मुलांना खोली. आपण मात्र वह्या तपासायच्या त्या ओट्याशी, नाहीतर पलंगावर! मैत्रिणींनो, खिडकीजवळची 3 फूट जागा स्वतःसाठी अडवाच. उजव्या हातानं लिहिणारीनं उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. टेबल कोपराच्या उंचीचं हवं; पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. लॅपटॉप जाड पुस्तकांवर चढवून पडदा डोळ्यांसमोर आणा, कळफलक वेगळा जोडा. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब पाहा. आणि हो, त्या टेबलावर भाजीची पिशवी कुणालाही ठेवू देऊ नका! जागा ठरली, की आपलं कामही घरात काम म्हणून मोजलं जाऊ लागतं.