मेंदूचा पक्षाघात आणि शेजारधर्म

मूल पाच-सहा महिन्यांचे झाले तरी मान धरीत नाही, त्याचे हातपाय कधी ताठ तर कधी अगदीच सैल लागतात, दूध पिताना त्याला वारंवार ठसका लागतो, या गोष्टी आईच्या ध्यानात सर्वांआधी येतात. घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, "काही मुले उशिराच चालतात." मग मालिश होते, नवस बोलले जातात आणि वर्ष-दीड वर्ष निघून जाते. अखेर एके दिवशी पुलगावच्या स्टेशनावर गाडी धरून आईबाप मुलाला वर्ध्याला आणि तेथून सेवाग्रामला किंवा सावंगीला नेतात. 'सेरेब्रल पाल्सी' हे शब्द ती मंडळी तेथे प्रथमच ऐकतात आणि संध्याकाळी मूल कडेवर घेऊन परत गावात उतरतात. येथून पुढे डॉक्टरांचे काम थोडे आणि गावाचे काम फार, असे आम्हांला वाटते. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या विकाराची ओळख करून घेऊ. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. वाढत्या मेंदूच्या ज्या भागाकडे शरीराच्या हालचालींचे नियंत्रण असते, त्याला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा जन्मानंतरच्या लवकरच्या काळात इजा होते. कठीण अथवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि मुलांच्या अवयवांतील ताठरपणा यांचा संबंध लंडनचे शल्यवैद्य विल्यम जॉन लिट्ल यांनी १८६१ साली मांडला. प्राणवायूचा अभाव, जन्मतःची तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही आणखी काही कारणे होत. पुष्कळदा मात्र नेमके कारण सापडतच नाही. हजार जन्मांमागे सुमारे दोन ते तीन मुलांना हा विकार होतो. तो संसर्गाने पसरत नाही. गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले म्हणून किंवा मागल्या जन्मीचे पाप म्हणूनही तो होत नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. कारण अनेक घरांत मुलाच्या दुखण्याबरोबर आईला या दोषारोपाचेही ओझे वाहावे लागते.

मेंदूला झालेली इजा पुढे वाढत नाही. परंतु ती भरूनही येत नाही. शरीर वाढते तसे ताठ स्नायू आखडत जातात आणि सांधे वाकडे होऊ लागतात. म्हणून रोजचा व्यायाम, बसण्याची योग्य रीत आणि आधाराची खुर्ची यांचे महत्त्व फार आहे. ही शिकवण जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोग अधिक. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोलणे अडखळते, लाळ गळते, एवढ्यावरून मुलाला बुद्धी नाही असे लोक ठरवून टाकतात. वस्तुतः यांतील पुष्कळ मुलांची बुद्धी सर्वसाधारण असते. फक्त तिला वाचा फुटत नाही.

आता घरातील दिवसाकडे पाहू. मुलाला निजवून भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून त्याला बसते करून, मान सावरून, घासाघासाने भरवावे लागते आणि एका जेवणाला कधी तासभर लागतो. त्यानंतर व्यायाम, आंघोळ, कपडे, औषध. मूल दहा वर्षांचे झाले तरी ते उचलूनच न्यावे लागते, आणि आईची कंबर तर तीच असते. हळूहळू ती लग्नकार्याला जाणे सोडते, हळदीकुंकवाला जाणे सोडते. पुढे बोलावणेही येईनासे होते. पुलगावात याला आणखी एक बाजू आहे. केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे येथे दूरदूरच्या प्रांतांतून बदलून आलेली कुटुंबे राहतात. त्यांची आजी-मावशी शेकडो कोस दूर असते. इकडे कापडगिरणी बंद पडल्यावर ज्यांचे हातचे काम गेले, त्यांना एका दिवसाचा रोज बुडवून वर्ध्याची खेप करणेही जड जाते.

अशा एकटेपणातून मार्ग निघतो, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या मिठू आलूर यांची कन्या मालिनी हिला जन्मसमयी हा विकार जडला. मुलीसाठी योग्य शाळा मिळेना, तेव्हा त्यांनी १९७२ साली मुंबईत 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था काढली. आरंभी मुले अगदी बोटांवर मोजण्याइतकी होती. ही संस्था आज 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते. मालिनी चिब यांनी पुढे मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयाची पदवी घेतली, लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करीत 'वन लिट्ल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिले.

पुलगावने मुंबईएवढी संस्था काढावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु महिन्यातून एक दिवस अशा आईबापांना एकत्र बसण्यासाठी शाळेची एक खोली मिळू शकेल. एकीने मुलाला भरवण्याची युक्ती दुसरीला सांगावी, एकाच्या सुताराने केलेली आधाराची खुर्ची दुसऱ्याने पाहावी. एवढ्यानेही पुष्कळ साधते. शेजारणीने आठवड्यातून दोन तास मुलाजवळ बसावे, म्हणजे आईला झोप तरी काढता येईल. मात्र भरवण्याची आणि उचलण्याची रीत तिने आधी आईकडून शिकून घ्यावी. रुग्णालयाच्या खेपेस कोणी तरुणाने सोबत जावे. शिक्षकांनी वर्ग तळमजल्यावर आणावा.

सरकारी मदतीचे मार्गही आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यासाठी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे लागते. कागदपत्रांच्या या कामी लिहितावाचता येणारा एखादा निवृत्त गृहस्थ मोठाच उपयोगी पडेल.

राहता राहिला तो प्रश्न, जो आईबाप मोठ्याने विचारीत नाहीत: आमच्यामागे याचे कोण? मूल १८ वर्षांचे झाले की त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करता येतो. पण अर्जात कोणाचे तरी नाव लिहावे लागते. ज्या मुलाला वीस वर्षांत गल्लीने ओळखलेच नाही, त्याच्यासाठी ते नाव कोठून यावे? म्हणून ओळख लहानपणीच झाली पाहिजे. पुढच्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्या घरीही जावे, आणि "मुलाला घेऊन या" असे त्यात आवर्जून सांगावे.