पेन फिरविण्यातील लय

वर्गात मागच्या दोन बाकांवर नजर टाकली, तर व्याख्यान ऐकता ऐकता पेन फिरविणारे दोनचार विद्यार्थी हमखास दिसतात. त्यांतले बहुतेक एकच प्रकार करतात. मधल्या बोटाने पेनला टिचकीवजा धक्का द्यायचा, की पेन अंगठ्याला वळसा घालून पुन्हा अंगठा आणि तर्जनी यांत येते. पुष्कळदा ते येत नाही. फरशीवर पडते, सर बोलायचे थांबतात आणि वर्ग हसतो. त्यामुळे पेन फिरविणे म्हणजे रिकाम्या हातांचा चाळा, एवढीच त्याची ख्याती आपल्याकडे आहे.

जपानमध्ये याला ‘पेन मावाशी’ म्हणतात. ‘रोनिन मावाशी’ असेही त्याचे एक नाव आहे. रोनिन म्हणजे पूर्वीच्या काळी धनी नसलेला सामुराई. आजच्या बोलण्यात, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हुकल्यावर पुढच्या परीक्षेची तयारी करीत राहिलेला विद्यार्थीही तिथे रोनिनच! म्हणजे मागचा बाक तिकडेही आलाच. पण जपान, कोरिया, तैवान या देशांतील मुलामुलींनी या चाळ्याचे रीतसर शास्त्र केले. युक्त्यांना नावे दिली, बोटांना क्रमांक दिले: तर्जनी १, मधले बोट २, अनामिका ३, करंगळी ४. आज त्याच्या स्पर्धाही होतात.

मूळ युक्त्या चार. अंगठ्याभोवतीचा वळसा वर सांगितलाच, तो ‘थंब-अराउंड’. ‘चार्ज’मध्ये पेन दोन बोटांच्या फटीतच राहते आणि त्याची दोन्ही टोके गोल फिरतात, हवेत जणू डमरूचा आकार उमटतो. ‘सॉनिक’मध्ये तसाच वळसा घेत पेन २-३ या फटीतून १-२ या फटीत उडी घेते. आणि ‘फिंगर-पास’ म्हणजे पेन एका बोटावरून दुसऱ्या बोटावर लोळत करंगळीपर्यंत जाणे. बाकीच्या पुष्कळशा युक्त्या यांचीच लेकरे आहेत.

आता खरा प्रश्न असा, की या चारही युक्त्या येत असूनही एखाद्याचे फिरविणे बघवत नाही, आणि दुसऱ्याला दोनच येत असून त्याच्या हातावरून नजर हटत नाही. असे का व्हावे? बारकाईने पाहिले तर पहिल्याचे पेन प्रत्येक युक्तीच्या शेवटी क्षणभर मरते. तो पेन पकडतो, घट्ट धरतो, मग पुढचा धक्का देतो. दुसरा पेन पकडतच नाही. पेनची गिरकी अंगात शिल्लक आहे तोवरच त्याचे पुढचे बोट कामाला लागलेले असते. झेल आणि धक्का या त्याच्या दोन क्रिया नाहीत, ती एकच क्रिया आहे. लय म्हणतात ती हीच.

त्यासाठी युक्त्यांची जोडणी विचार करून करावी लागते. एक युक्ती ज्या फटीत आणि ज्या दिशेने संपते, तेथून आणि त्याच दिशेने दुसरी सुरू झाली पाहिजे. नवशिक्यासाठी एक जोडणी सांगते. २-३ फटीत चार्ज करा, तेथूनच सॉनिक घेऊन १-२ मध्ये या, आणि तेथून थांबल्याशिवाय अंगठ्याचा वळसा घ्या. तीन युक्त्या, दिशा एक. यात पेन थांबले तर तुमच्या बोटांमुळे. युक्त्यांकडे बोट दाखवायला जागा नाही.

पेनचाही यात वाटा असतो. टोपण एकाच टोकाला असले की पेनचा तोल त्या बाजूला सरकतो आणि गिरकी लंगडते. तर्जनीच्या कडेवर पेन आडवे ठेवून तोल कुठे साधतो ते पाहावे. तो मधोमध यायला हवा. वजनाचीही गंमत आहे. वजन मध्यापासून जितके दूर, तितका त्याचा फिरण्यावरचा प्रभाव वाढतो, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या पटीत. अंतर दुप्पट केले तर प्रभाव चौपट. म्हणून टोकांना जड असलेले पेन फिरायला आळशी, पण एकदा फिरले की थांबायलाही आळशी. बोटांना पुढची तयारी करायला त्यामुळे अवधी मिळतो. परदेशी मंडळी याच हेतूने वेगवेगळ्या पेनांचे भाग जोडून वीस सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे खास पेन तयार करतात. मी दोन जुन्या बॉलपेनची टोपणे दोन टोकांना बसविली आणि आत सायकलच्या व्हॉल्वट्यूबचे तुकडे कोंबले. टोपणांच्या क्लिपा तेवढ्या कापून टाकाव्या. त्या बोटात अडकतात. खर्च शून्य. लिहिता मात्र येत नाही!

लयीबद्दल मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कुठल्याही पेनवाल्याने सांगितलेली नाही. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने. मी दहावी झाल्यापासून ती मला सुपाला हात लावू देत नाही. “तू पेन घेऊन बस,” म्हणते. त्या पेनचे मी काय करते, ते तिने परवा दिवाळीच्या सुट्टीत पाहिले. मला वाटले, आता कॉलेजचा उद्धार होणार. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “अगं, एवढा जोर कशाला लावतीस? दुपारपर्यंत हात मोडून जाईल तुझा.”

मग मी तिच्या बोटांकडे प्रथमच नीट पाहिले. पान वळत असताना तिचा दुसरा हात पुढच्या पानाकडे निघालेला असतो. एकही बोट मोकळे थांबत नाही आणि एकही घाई करीत नाही. सकाळची पहिली विडी आणि संध्याकाळची शेवटची, दोन्हींना सारखाच वेळ. तसे करावेच लागते. हजारावर मजुरी मिळते, आणि घाईने वळलेली विडी कारखान्यात बाजूला काढली की तिचा दाम नाही. माझे पेन पडले तर मी उचलते. तिच्या हाताला ती सवलत नाही. “तुला हे कुणी शिकवलं?” असे विचारले, तर म्हणाली, “शिकवतंय कोण? आधी सावकाश वळायची, हात आपोआप सुटतो.”

त्या दिवसापासून मी सरावाची रीत बदलली. आधी पेन पडू न देता जेवढे हळू फिरविता येईल तेवढे हळू. वेगात फिरविताना दोष झाकले जातात. हळू फिरविताना कोणते बोट उशिरा निघते ते उघड दिसते. माझ्या बाबतीत ती अनामिका निघाली. धक्का द्यायचा तो पेन पुढच्या बोटापर्यंत पोहोचेल इतकाच. मनगट शक्य तितके स्थिर ठेवावे, कारण मनगटाने हिसका दिला की गिरकीची पातळी बदलते आणि पेन पुढच्या बोटाला तिरपे भेटते. अंगठ्याच्या बुडाशी दुखू लागले की त्या दिवसापुरते थांबावे.

हळू जमल्यावर डोळे मिटून करून पाहावे. पेन त्वचेला लागते त्याचा अगदी बारीक आवाज येतो. तो सारख्या अंतराने आला तर लय आहे, मध्येच खंड पडला तर त्याच जागी जोडणी कच्ची आहे. ती एकच जोडणी वेगळी काढून घोटावी. सगळी माळ पुन्हा पुन्हा पहिल्यापासून फिरविण्यात वेळ जातो आणि कच्चा मणी कच्चाच राहतो.

आणि हे सर्व घरी, गोधडीवर बसून करावे. पेन पडले तरी टोक मोडत नाही, आवाज होत नाही, शेजारी अभ्यास करणाऱ्या धाकट्या भावाची तक्रारही येत नाही. वर्गात करायचेच असेल, तर निदान ज्या पेनने टिपणे घ्यायची आहेत ते फिरवू नये.