खोडरबर बाहेर ठेवा!

वीकेण्ड म्हणजे मॉल, मल्टिप्लेक्स आणि झोप? बोअर झालं असेल तर एक हटके प्लॅन आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी ते बारावीच्या चित्रकलावेड्या मुलांसाठी दोन तासांचं आयडिया वर्कशॉप घ्या. तुम्ही जाहिरातीत असा, आर्किटेक्ट असा नाहीतर वेब डिझायनर, रोज ऑफिसात डोकं लढवताच ना? तेच इथे करायचं. फक्त बॉस नसेल!

कांजूरमार्गकरांना तर कारणच नको. स्टेशनवरून रिक्षा पकडली की आलंच पवईच्या आयआयटीचं गेट. तिथे १९६९ पासून आयडीसी हे डिझाइनचं केंद्र आहे. १५ जुलै २०१० रोजी निवडलं गेलेलं रुपयाचं चिन्ह काढणारे डी. उदयकुमार इथलेच. २०१५ पासून तर बारावीनंतर 'यूसीड' देऊन थेट इथे पदवीला प्रवेश मिळतो.

पण गोची अशी, की आपल्या मुलांचा हात तयार असतो, मन नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएटसाठी स्थिरचित्र, स्मरणचित्र घोटून घोटून झालेलं असतं. कागद पुढे आला की पहिला प्रश्न, "सर, कसं काढू?" डिझाइनच्या परीक्षेत हे सांगायला कुणीच नसतं.

मग ब्रेनस्टॉर्मिंग करायचं? ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन जाहिरातवाल्याने १९५३ च्या पुस्तकातून हा फंडा गाजवला. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासलं तेव्हा वेगळंच निघालं. चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी एकेकट्याने लिहून मग एकत्र केलेल्या कल्पना जास्त भरल्या. साहजिक आहे. एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात, आणि हसतील या भीतीने मागच्या बाकावरची मुलगी गप्पच बसते. कदाचित सगळ्यात भारी आयडिया तिच्याकडेच असते.

म्हणून १९६८ चा जर्मन '६-३-५' वापरा. सहा मुलं गोल बसवा. प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना काढायच्या, कागद शेजाऱ्याला द्यायचा. शेजाऱ्याने त्या बघून आणखी तीन जोडायच्या. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ कल्पना. तोंडातून एक शब्द नाही!

लक्षात ठेवा:

• 'नवी छत्री डिझाइन करा' असं सांगू नका, त्यात उत्तर आधीच आलं. 'धो धो पाऊस, दोन्ही हातांत पिशव्या, कांजूर स्टेशनवर उतरलेल्या आजी घरी कोरड्या कशा पोचतील?' असं विचारा.

• खोडरबर दाराबाहेर. पेन द्या, पेन्सिल नको. चुकलेली रेघ तशीच राहू दे.

• 'मस्त!' आणि 'छे!' दोन्हींवर बंदी. एकाला शाबासकी दिलीत की बाकीचे तसंच काढू लागतात.

• निवड शेवटच्या अर्ध्या तासात. प्रत्येकाला तीन टिकल्या द्या, आवडेल त्या कल्पनेवर चिकटवू द्या. मग पुठ्ठा, सेलोटेप घेऊन मॉडेल.

पहिला नंबर मात्र काढू नका. नंबर काढायला शाळा आहेच. इथे त्या गप्प मुलीच्या रेघेवर दुसऱ्या कुणीतरी पुढची रेघ ओढली, हेच तिचं बक्षीस.

मग, हॉल बुक करताय ना? वडापाव तुमच्याकडून!