अठरा मीटरचा रोबो आणि चालकाचा कणा

चार-पाच मजली इमारतीएवढा लोखंडी माणूस, त्याच्या पोटात एक छोटी केबिन, केबिनमध्ये बसलेला पंधरा वर्षांचा मुलगा आणि समोर शत्रू. जपानी ॲनिमे मालिकांमधले हे दृश्य मोबाइलमुळे आपल्याकडच्या मुलांच्याही परिचयाचे झाले आहे. या प्रकाराची सुरुवात १९७२ साली आलेल्या ‘माझिंगर झेड’पासून मानली जाते. तिचे जनक गो नागाई यांना ही कल्पना वाहतूक कोंडी पाहताना सुचली. अडकलेल्या मोटारीला हातपाय फुटले तर ती बाकीच्यांना ओलांडून जाईल, असा तो साधा विचार होता. पुढे १९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांची ‘मोबाइल सूट गंडम’ ही मालिका आली. तिच्यातला रोबो १८ मीटर उंच आणि पूर्ण सज्ज असताना ६० टन वजनाचा. त्याचा चालक आमुरो अवघ्या १५ वर्षांचा.

हे सगळे कल्पनेतले. पण माणसाने यंत्राच्या आत बसायचे, दोन दांडे हलवायचे आणि बाहेर लोखंडी हाताने डोंगर उपसायचा, हे दृश्य पाहायला जपानला जायची गरज नाही. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्यात ते रोज दिसते. पूर्व भागातले हे बाजाराचे गाव. सोमवारच्या आठवडे बाजारात इथे बैलांची मोठी खरेदी-विक्री होते. त्याच बेल्ह्याच्या शिवारात शेततळे खोदणे, विहिरीचा गाळ काढणे, बांध सरळ करणे ही कामे जेसीबी करतो, आणि नांगरट, रोटाव्हेटर, कांद्याची वाहतूक ट्रॅक्टर करतो. कल्पनेतल्या रोबोच्या चालकाचे शरीर त्या केबिनमध्ये कितपत टिकेल, हे तपासून पाहिले की आपल्या शिवारातल्या चालकाचे शरीर काय सोसते, तेही नीट समजते.

दहापट उंच, हजारपट जड

आधी रोबो स्वतः उभा राहील का, ते पाहू. पावणेसहा फुटी माणसाची उंची दहापट वाढवली की साधारण १८ मीटर होतात. पण उंचीबरोबर रुंदी आणि जाडीही दहापट वाढते, म्हणून वजन वाढते हजारपट. हाडाची ताकद मात्र त्याच्या आडव्या छेदावर अवलंबून असते आणि तो छेद वाढतो फक्त शंभरपट. याचा अर्थ हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट भार पडतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हा नियम मांडला. पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये गोष्टीतल्या साठ फुटी राक्षसांचे उदाहरण घेऊन दाखवले, की असा राक्षस पहिल्याच पावलाला मांडीचे हाड मोडून घेईल. साठ फूट म्हणजे जवळजवळ गंडमचीच उंची. हॉल्डेन नंतर भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

जपानमध्ये योकोहामा बंदरात डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत खराखुरा हलणारा १८ मीटरचा गंडम लोकांना पाहायला ठेवला होता. त्याचे वजन सुमारे २५ टन, आणि तो स्वतःच्या पायांवर उभा नव्हता. मागच्या बाजूने एका भक्कम सांगाड्याने त्याला कंबरेपाशी धरून ठेवले होते.

मोठी वस्तू उभारायची तर ती हलकी करावी लागते, याचा उत्तम नमुना जुन्नर तालुक्यातच आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, म्हणजे गंडमच्या उंचीच्या अडीचपट. डॉ. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरखंडांवर बारीक तारेची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून हलक्या सांगाड्यावर एवढी तबकडी उभी राहते आणि हवी तिकडे वळतेही.

निसर्गाचा हाच नियम आपल्या गुडघ्यालाही लागू आहे. वजन वाढते तेव्हा सांध्याचा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही. वाढत्या वजनाचा माणूस गुडघे धरून बसतो, त्याचे एक कारण हे.

केबिनमध्ये बसल्यावर

समजा रोबो उभा राहिला आणि चालूही लागला. माणूस चालताना त्याची कंबर प्रत्येक पावलाला चार-पाच सेंटिमीटर खालीवर होते. दहापट मोठ्या रोबोच्या पोटात बसलेला चालक प्रत्येक पावलाला चाळीस-पन्नास सेंटिमीटर खालीवर होईल. लांब दोरीचा झोका जसा सावकाश झुलतो, तसा मोठा पायही सावकाश पडतो. आपण सेकंदाला दोन पावले टाकतो, तर रोबो आपल्या चालीने चालला तर साधारण दीड सेकंदाला एक पाऊल टाकेल. दोन पावलांत मिळून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकणे होते. म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांना एक हेलकावा.

हा वेग पोटासाठी वाईट. तीन ते पाच सेकंदांना एक अशा संथ हेलकाव्यांनी माणसाला सर्वाधिक मळमळते. कानातले तोल सांभाळणारे अवयव एक सांगतात, डोळे दुसरेच सांगतात आणि मेंदू गोंधळतो. घाटात एसटी लागते ती याच गोंधळामुळे. त्यामुळे गंडमच्या चालकाला शत्रूच्या आधी उलटीशी सामना करावा लागेल. रोबोने माणसाइतकी झपाझप पावले टाकली, तर प्रत्येक पावलाचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तिप्पट होईल. तो पडला, तर दहा मीटरवरच्या केबिनमधला माणूस ताशी ५० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने जमिनीवर आदळेल.

शिवारातला हादरा

ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या चालकाला असे प्रचंड धक्के बसत नाहीत. त्याचे दुखणे वेगळ्या वेगाचे आहे. बसलेल्या माणसाचा पाठीचा कणा सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सर्वात जास्त प्रतिसाद देतो. झोक्याला नेमक्या वेळी दिलेला छोटा धक्काही झोका उंच नेतो, तसेच हे. या वेगाचा हादरा आसनातून शिरतो आणि कण्यात वाढूनच वर जातो. नांगरलेल्या रानातून जाणाऱ्या ट्रॅक्टरचे आणि खोदकाम करणाऱ्या यंत्राचे हादरे बऱ्याचदा याच पट्ट्यात येतात.

दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते, तिला प्रौढ वयात स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. हालचालीमुळे चकतीवर दाब येतो आणि जातो, त्या ये-जा करणाऱ्या दाबातून तिला आजूबाजूने पोषण मिळते. आठ-दहा तास एका जागी बसून हादरे खाणाऱ्या माणसाच्या चकतीला हादरे भरपूर आणि पोषण कमी, असा व्यवहार होतो. त्यात मागे वळून नांगर पाहण्यासाठी कंबर सतत पिळलेली. मग ज्याला लोक ‘मणक्यात गॅप पडला’ म्हणतात, ते दुखणे चाळिशीच्या आतच दारात येते. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांच्या शरीराला बसणाऱ्या हादऱ्यांची कमाल मर्यादा ठरवून दिली. हादरा मोजता येतो आणि कमी करता येतो, हे त्यामागचे सूत्र.

साधे उपाय बरेच काम करतात. आसनाची स्प्रिंग बसली असेल, फोम चेपला असेल तर ते आधी दुरुस्त करावे. आसन स्वतःच्या वजनाप्रमाणे जुळवून घ्यावे. खडबडीत रानात वेग कमी ठेवावा. तासाभराने उतरून पाच मिनिटे चालावे. केबिनमधून उडी मारू नये, दांडा धरून पाठमोरे उतरावे. यंत्रावरून उतरल्या उतरल्या खताचे किंवा कांद्याचे पोते उचलू नये. तासन्‌तास हादरलेल्या कण्याचे स्नायू तेव्हा थकलेले असतात आणि उसण भरते ती नेमकी त्या वेळी. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी झाली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली, तर मालीश-शेक करत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

टाचणीएवढी जखम

जेसीबीच्या हाताला ताकद येते ती तेलाच्या दाबातून. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम इथे राबतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, म्हणून मोठ्या दट्ट्यावर तो मोठे बळ निर्माण करतो. हा दाब २०० बारच्या वर जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट.

याच तेलाच्या पाइपला सुईएवढे छिद्र पडले, तर बाहेर येणारी धार कातडी भेदून आत शिरते. गळती कुठे आहे ते पाहण्यासाठी बोट फिरवणाऱ्याला बोटावर टाचणी टोचल्यासारखे वाटते. रक्त फारसे येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. पण तेल आत बोटाच्या आवरणांतून तळहातापर्यंत पसरलेले असते. काही तासांत सूज येते, रक्तपुरवठा अडतो आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची जखम आहे. गळती पुठ्ठा धरून शोधावी, तीही इंजिन बंद करून दाब उतरवल्यावर. टोचले तर हळद किंवा मलम लावून घरी थांबू नये, आणि डॉक्टरांना ‘दाबाचे तेल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्टही तसाच फसवा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर त्यात अडकला, तर एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचे संरक्षक आवरण काढून ठेवलेले यंत्र वापरू नये. मळणीच्या वेळी बायका-माणसांनी पदर खोचून, सैल कपडे आवरून काम करावे.

यंत्र हातासारखे होते तेव्हा

‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ या १९९५ च्या मालिकेत रोबोला लागलेला मार त्याच्या चालकाला दुखतो. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. जपानमध्ये अत्सुशी इरिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांना दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवले आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेतली. हाताजवळच्या जागेची दखल घेणाऱ्या काही पेशी सरावानंतर दाताळ्याच्या टोकापर्यंतची दखल घेऊ लागल्या. मेंदूने दाताळे हाताच्या नकाशात सामावून घेतले होते. मुरलेला ऑपरेटर जेसीबीच्या बकेटने जमिनीतला पाइप धक्का न लावता मोकळा करतो, त्यामागेही मेंदूचे असेच शिकणे असावे.

यात एक धोका आहे. हातासारख्या झालेल्या यंत्राला कातडी नसते. चटका बसल्यावर हात मागे येतो, बकेट येत नाही. बैलालाही खड्डा दिसला की तो थबकतो, कारण जिवाची भीती त्यालाही असते. ट्रॅक्टर थांबत नाही. वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला जेसीबीचा हात लागला, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे, बाकीच्यांनी लांब जावे आणि वीजपुरवठा बंद करायला सांगावे. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून, यंत्राला न शिवता उडी मारावी.

पंधरा वर्षांचा चालक

मालिकांचे नायक १४-१५ वर्षांचे असतात, कारण त्या पाहणारी मुले त्या वयाची असतात. आपल्याकडे मात्र त्या वयाची मुले खरोखर ट्रॅक्टर चालवताना दिसतात. मेंदूतला धोक्याचा अंदाज घेऊन आवर घालणारा पुढचा भाग पक्व व्हायला विशीचा मध्य उजाडतो. चढावर भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली गेली, तर तो मागे पूर्ण उलटायला दीड सेकंदही लागत नाही, आणि सावरायची संधी तर एक सेकंदाच्या आतच निघून जाते. त्यासाठी १८ वर्षांच्या आत परवाना नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती भक्कम संरक्षक चौकट सक्तीची केली. पुढच्या तीन दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ संपले. चौकटीबरोबर पट्टा बांधलेला असला पाहिजे, नाहीतर चालक बाहेर फेकला जाऊन तिच्याखालीच सापडतो. मडगार्डवर बसून जाणाऱ्याला तर चौकटीचाही आधार नाही, पट्ट्याचाही नाही. तिथे मुलांना बसवणे बंद झाले, तरी अनेक घरांतला आकांत टळेल.

योकोहामाचा गंडम तीन वर्षांहून अधिक काळ हलत होता, पण तेव्हा त्याच्या पोटात माणूस बसवलेला नव्हता. शिवारातल्या यंत्रात तो रोज बसतो. ट्रॅक्टर विकत घेताना घरात हप्ता, डिझेल आणि टायर यांचा हिशेब होतो. त्या हिशेबात चांगले आसन, संरक्षक चौकट, पट्टा आणि शाफ्टचे आवरण या चार गोष्टीही धराव्यात. यंत्राचा मोडलेला भाग आळेफाट्याला मिळतो. चालकाच्या कण्याचा सुटा भाग कुठेच मिळत नाही.